रात्रीची पॅसेंजर परत द्या, आणि ती हळूच चालवा

प्रति,
विभागीय रेल्वे व्यवस्थापक, मध्य रेल्वे, नागपूर
विभागीय रेल्वे व्यवस्थापक, दक्षिण पूर्व मध्य रेल्वे, नागपूर
प्रत माहितीसाठी: भुसावळ विभाग, तसेच विदर्भातील सर्व खासदार

विषय: रात्रभर चालणाऱ्या साध्या पॅसेंजर गाड्या पुन्हा सुरू करण्याबाबत

महोदय,

नागपुरातून आज बिलासपूर, सिकंदराबाद, इंदूर आणि पुण्याकडे वंदे भारत धावते. चांगलं आहे. या पत्रात तिच्याविरुद्ध एक ओळही नाही. आमचं मागणं अगदी दुसऱ्या टोकाचं आहे. आम्हाला एक हळू गाडी हवी आहे. रात्री जेवण आटोपून बसता येईल, साध्या तिकिटात आडवं होता येईल आणि उजाडताना उतरता येईल, एवढंच तिचं काम.

नागपूर–भुसावळ, नागपूर–इटारसी, अजनी–काझीपेट, टाटानगर–इतवारी ही पॅसेंजर गाड्यांची नावं विदर्भातल्या कुठल्याही चाळिशीच्या माणसाला तोंडपाठ असतात. यातली टाटानगर–इतवारी तर पावणेनऊशे किलोमीटरची, एक रात्र रुळावर काढल्याशिवाय पोचतच नसे. बाकांखाली संत्र्यांच्या टोपल्या, सामानाच्या फळीवर चादर अंथरून झोपलेले लोक, खिडकीची वर अडकत नसलेली झडप, बडनेऱ्याला अर्धवट झोपेत कानावर येणारा चहावाल्याचा आवाज, शेगाव आलं की डब्यात शिरणारा कचोरीचा वास. हे सगळं आठवतं आणि बरं वाटतं. पण आठवणींवर गाडी निघत नाही. तिला रेक म्हणजे डब्यांचा संच लागतो, क्रू लागतो आणि वेळापत्रकात जागा लागते. म्हणून पुढचं पत्र त्याबद्दल आहे.

आधी ही गाडी गेली कशी ते पाहू. २२ मार्च २०२० नंतर देशभरातल्या प्रवासी गाड्या बंद झाल्या, हे सर्वांना माहीत आहे. खरा घाव त्याच वर्षी जूनमध्ये बसला. २०० किलोमीटरपेक्षा जास्त धावणाऱ्या पॅसेंजर गाड्या एक्सप्रेस करायच्या, असं धोरण तेव्हा आलं. टाटानगर–इतवारी पॅसेंजर ५८१११/५८११२ या क्रमांकाने धावायची, ती १८१०९/१८११० एक्सप्रेस झाली. कागदावर ही बढती वाटते. पण जरा हिशेब करा. सगळीकडे थांबणारी गाडी सरासरी ताशी ४० किलोमीटरने जाते. २०० किलोमीटर म्हणजे पाच तास. रात्र असते नऊ-दहा तासांची. म्हणजे जी पॅसेंजर रात्रभर चालते ती २०० किलोमीटरच्या पुढे जाणारच. मुक्कामाच्या एकाही पॅसेंजरचं नाव न घेता, एका आकड्याने त्या सगळ्या रद्द झाल्या. हा हेतू होता असं आम्ही म्हणत नाही. परिणाम मात्र हाच झाला.

एक्सप्रेस झाली तर बिघडलं काय, असं विचारलं जातं. भाडं बिघडलं, हे एक. साध्या गाडीचं किमान तिकीट १० रुपये आणि एक्सप्रेसचं ३०. लांबच्या अंतरालाही दुसऱ्या वर्गाचा फरक साधारण दुपटीकडे जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये मेमू (लोकलसारखी, कमी अंतराची विजेची गाडी) आणि छोट्या पॅसेंजरचं साधं भाडं परत आलं, त्याबद्दल आभार. पण एक्सप्रेस झालेल्या लांबच्या गाड्यांना ते लागू झालं नाही.

दुसरं जे बिघडलं त्याची चर्चाच होत नाही, आणि आमच्या मते मुद्दा तोच आहे. वेळ बिघडली. नागपूर ते भुसावळ सुमारे ३९० किलोमीटर. जलद गाडी हे अंतर सहा तासांत कापते. संध्याकाळी सातला निघा, रात्री एकला भुसावळ. रात्री दहाला निघा, दोन-अडीचला शेगाव. पहाटे अडीच वाजता मुलाबाळांसह फलाटावर उतरलेल्या माणसाला त्या वाचलेल्या वेळेचं काय करायचं, ते कुणी सांगत नाही. तो बाकावर बसून उजाडायची वाट पाहतो. म्हणजे जे तास तो डब्यात झोपून काढायचा, तेच आता फलाटावर डास मारत काढतो, आणि भाडं जास्त देतो. अडीचशे-चारशे किलोमीटरच्या टप्प्याला रात्रीची गाडी मुद्दाम हळू असावी लागते. जुन्या वेळापत्रकवाल्यांना हे कळत होतं.

आता हिशेब मांडतो. तुमच्या वेळापत्रक शाखेने तो तपासून पाहावा.

नागपूर–भुसावळ मार्गावर चाळीसहून अधिक स्थानकं आहेत. सगळीकडे थांबा असा हट्ट नाही. रात्री एक वाजता टिमटाळ्याला किंवा दिपोरीला उतरणारा माणूस गावात जाणार कसा? तिथे ना रिक्षा, ना दिवा. म्हणून रचना अशी असावी: नागपूर ते वर्धा प्रत्येक स्थानकावर थांबा, म्हणजे अजनी, खापरी, गुमगाव, बुटीबोरी, बोरखेडी, सिंदी, तुळजापूर, सेलू रोड, वरुड, सेवाग्राम. वर्धा ते अकोला फक्त पुलगाव, धामणगाव, चांदूर, बडनेरा आणि मूर्तिजापूर. अकोल्यापासून भुसावळपर्यंत पुन्हा प्रत्येक स्थानक. म्हणजे दोन्ही टोकांना पॅसेंजर आणि मध्ये जवळपास एक्सप्रेस. परतीच्या गाडीलाही हेच थांबे जसेच्या तसे जुळतात, कारण जिथे जाताना संध्याकाळ असते तिथे येताना पहाट असते.

हे झाले तीसेक थांबे. इंजिनाने ओढलेली गाडी एका थांब्यावर एक मिनिट उभी राहिली, तरी वेग उतरवणं आणि पुन्हा पकडणं धरून चारेक मिनिटं जातात. तीस थांब्यांचे दोन तास. सलग धाव ताशी ९० ने धरली तर सव्वाचार-साडेचार तास. एकूण साडेसहा तास. आणि आम्ही मागतो आहोत पावणेदहा तास.

नागपूर २१.१५, वर्धा २३.००, पुलगाव २३.५०, बडनेरा ०१.१५ ते ०२.०५, मूर्तिजापूर ०२.४०, अकोला ०३.२० ते ०४.००, शेगाव ०४.४५, मलकापूर ०५.४०, भुसावळ ०७.००. परतीला भुसावळ २०.१५, शेगाव २२.१५, अकोला २३.००, बडनेरा ००.५० ते ०१.५०, पुलगाव ०३.०५, वर्धा ०३.४०, बुटीबोरी ०५.१०, अजनी ०५.४०, नागपूर ०६.००. शेगावची ०४.४५ ही वेळ काकड आरतीसाठी निघालेल्यांना सोयीची आहे, हे वऱ्हाडात कुणाला सांगावं लागत नाही.

म्हणजे तीन तासांहून जास्त वेळ हाती उरतो. हा वेळ आम्ही तुम्हाला देऊन टाकतो. मेल पुढे काढायची आहे, काढा. कोळशाची मालगाडी सोडायची आहे, सोडा. आमची गाडी लूपला, म्हणजे स्थानकातल्या बाजूच्या रुळावर, टाका, तक्रार नाही. फक्त ठरवून टाका, आणि जिथे चहा, नळ आणि उजेड आहे तिथे टाका. जुन्या पॅसेंजरचं खरं दुखणं तिचा वेग नव्हता. मानाच्या किंवा कुरमच्या लूपमध्ये, अंधारात, काही न सांगता पाऊण तास उभं राहणं हे दुखणं होतं. तोच पाऊण तास बडनेऱ्याला वेळापत्रकात छापून दिला की त्याला कुणी उशीर म्हणत नाही. मग लोक उतरतात, हातपाय धुतात, डबा खातात.

याच संदर्भात एक जुनी खोड सांगायला हवी. गाडीचा वक्तशीरपणा शेवटच्या स्थानकावर मोजला जातो, म्हणून सगळी सवड शेवटच्या टप्प्यात भरली जाते. गाडी मूर्तिजापूरला तासभर उशिरा येते आणि भुसावळला 'वेळेवर' पोचते. रात्रीच्या गाडीत ही सवड वर्धा, बडनेरा, अकोला अशी वाटून ठेवावी. मधल्या प्रवाशालाही घड्याळ असतं.

आता रेक. नव्या बनावटीचे पंधरा एलएचबी डबे पुरतात: जनरल सहा, शयनयान सहा, एक गार्डाचा व दिव्यांगांचा डबा, एक जनरेटर कार, एक पार्सल व्हॅन. जनरलमध्ये प्रत्येकी १०० आसनं आणि शयनयानात ८० बर्थ धरले तर हजारावर माणसं बसून-झोपून जातात. डबा २४ मीटरचा धरला तर पंधरा डब्यांचे ३६० मीटर, इंजिनासह ३८०. आपल्या लूप लाइनची प्रमाण लांबी ६८६ मीटर आहे. गाडी कुठल्याही लूपमध्ये आरामात मावते, मुख्य मार्ग अडवत नाही.

एलएचबीचा आग्रह दिखाव्यासाठी नाही. जुन्या आयसीएफ डब्यात प्रत्येक डबा आपली वीज आपणच तयार करतो. खाली धुऱ्याच्या पट्ट्यावर फिरणारा ४.५ किलोवॅटचा अल्टरनेटर आणि ११० व्होल्टची बॅटरी. गाडीने ताशी वीसेक किलोमीटरच्या वर वेग पकडल्याशिवाय तो अल्टरनेटर बॅटरीला काही देत नाही. पॅसेंजर सतत थांबणार, लूपमध्ये उभी राहणार. बॅटरीतून खर्च चालू आणि भरणा बंद. पट्टा सैल असेल किंवा तुटून पडला असेल तर विचारायलाच नको. मध्यरात्रीनंतर पिवळट होत जाणारे दिवे आणि मे महिन्यात कण्हणारे पंखे, यामागचं कारण एवढंच होतं. लोक कर्मचाऱ्यांना बोल लावायचे. एलएचबी रेकला डब्ल्यूएपी-७ इंजिन लावलं तर हेड ऑन जनरेशनने ७५० व्होल्टचा पुरवठा ओव्हरहेड तारेवरून इंजिनामार्फत थेट डब्यांना मिळतो. गाडी उभी असो की धावती, दिवे-पंखे चालू. अशी इंजिनं अजनीच्या शेडमध्ये आहेत, बाहेरून मागवायची गरज नाही.

मेमू चालवा, असं उत्तर कधीकधी मिळतं. मेमू दोन-तीन तासांसाठी उत्तम, थांबल्यावर वेगही झटकन घेते. पण तिच्यात आडवं होता येत नाही. दहा तास मेमूच्या सरळ पाठीच्या बाकावर म्हाताऱ्या माणसाला बसवून पाहा.

पाण्याचंही वेळापत्रकात लिहावं लागेल. पूर्ण भरलेल्या गाडीची टाकी रात्रभर पुरत नाही, आणि पाणी संपलं की जैव-शौचालय आधी तुंबतं, मग वास मारतं. त्यात कुणी पाण्याची बाटली टाकली की पहाटेपर्यंत तो डबा वापराच्या लायकीचा राहत नाही. बडनेऱ्याचा पन्नास मिनिटांचा थांबा यासाठीही मागितला आहे. जाताना आणि येतानाही तिथेच सर्व डब्यांत पाणी भरावं. थांबा आहे पण पाणी भरायचा हुकूम नाही, असं झालं तर त्या थांब्याचा निम्मा उपयोग गेला.

दोन रेकमध्ये ही जोडी चालते. प्रत्येक रेक एक दिवसाआड नागपूरला सकाळी सहाला येतो आणि रात्री सव्वानऊपर्यंत मोकळा असतो. प्राथमिक देखभालीला पिट लाइनवर (डबे खालून तपासायच्या रुळावर) सहा तास लागतात. इथे पंधरा आहेत. फेरी पावणेआठशे किलोमीटरची, म्हणजे ब्रेक तपासून मिळणाऱ्या ब्रेक पॉवर प्रमाणपत्राच्या ३,५०० किलोमीटरच्या मर्यादेपासून पुष्कळ लांब. रेक दिवसभर रिकामा उभा राहतो, ही परिचालन विभागाची हरकत आम्हाला ठाऊक आहे आणि ती खरी आहे. देखभालीच्या दिवशी तो उभाच राहू द्या. भुसावळच्या टोकाला मात्र, सकाळी सात ते रात्री आठच्या दरम्यान, झाडून घेऊन एखादी छोटी दिवसाची फेरी त्याच रेकने होऊ शकते. शयनयानाचे डबे दिवसा अनारक्षित करून चालवायची पद्धत रेल्वेत आहेच.

तीच पद्धत या गाडीतही वापरावी. भुसावळच्या बाजूने पहाटे पाचनंतर आणि परतीला सेवाग्रामपासून पुढे शयनयान अनारक्षित जाहीर करा. नाहीतर बुटीबोरीहून कामावर निघालेला माणूस आणि झोपलेला प्रवासी यांचं रोज भांडण, आणि मध्ये टीसी. महिलांचा डबा गार्डाच्या डब्याला लागून असावा. गाडीत रेल्वे सुरक्षा बलाचे दोन जवान रात्रभर असावेत, नुसते बडनेऱ्यापर्यंत नकोत.

शयनयानाचं भाडं कोणतं घ्यायचं, हा प्रश्न तुम्हाला पडायला नको. १ जुलै २०२५ पासून लागू झालेल्या भाडेवाढीच्या तक्त्यात 'साधारण शयनयान' हा वर्ग स्वतंत्र ओळीत आहे, वाढ किलोमीटरमागे अर्धा पैसा. तक्त्यात ओळ आहे, दर आहे. त्या ओळीत बसणारी गाडी शोधायला गेलं तर सापडणं कठीण. आम्ही त्या ओळीसाठी गाडी मागतो आहोत.

आता ही गाडी कुणासाठी? परतीच्या गाडीचा अजनीचा थांबा पाहा. मेडिकल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, तिथून जेमतेम दोन किलोमीटर. धामणगाव, पुलगाव, मूर्तिजापूरचा रुग्ण पावणेसहाला अजनीला उतरला की बाह्यरुग्ण विभागाच्या चिठ्ठीच्या रांगेत वेळेवर उभा राहतो आणि संध्याकाळी दुसऱ्या गाडीने घरी. एक दिवस आधी येऊन नातेवाइकाकडे किंवा रुग्णालयाच्या व्हरांड्यात मुक्काम करावा लागत नाही. हायकोर्टाच्या खंडपीठात तारीख असणाऱ्यांचं, विद्यापीठात कागद काढायला येणाऱ्यांचं, भरतीच्या परीक्षांना येणाऱ्या पोरांचं हेच गणित. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला, पण तो मूर्तिजापूर–अकोला–शेगाव–मलकापूर या पट्ट्यातून जातच नाही. त्या पट्ट्यातला राष्ट्रीय महामार्ग मात्र २०२२ मध्ये अमरावती–अकोला दरम्यान ७५ किलोमीटर, १०५ तास ३३ मिनिटांत, विक्रम म्हणून डांबरून झाला. पाच रात्रीही लागल्या नाहीत. आम्ही एकच रात्र मागतो, रोजची.

मार्गावर जागा नाही, हे उत्तर आम्हाला मान्य आहे, पण कायमचं नाही. वर्धा–नागपूर तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम आहे. इटारसी–नागपूर चौथ्या मार्गिकेला ३१ जुलै २०२५ ला आणि वर्धा–भुसावळ ३१४ किलोमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेला ७ ऑक्टोबर २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. या मार्गिकांचे नकाशे आत्ता बनत आहेत. नवीन मार्गिका झाल्यावर गाडी मागितली तर तेव्हा जागा आधीच वाटलेली असेल. शिवाय मधल्या छोट्या स्थानकांचे फलाट बांधताना उंची पाहा. एलएचबी डब्याची पायरी रुळाच्या पातळीच्या फलाटावरून चढणं रात्री, हातात पिशवी घेऊन, साठीच्या बाईला जमत नाही. फलाट मोठे व्हायला वेळ लागत असेल तर निदान दिवे आधी लावा.

ही गाडी नफ्यात चालेल असं आम्ही म्हणत नाही. साध्या भाड्याची कुठलीच गाडी चालत नाही. पार्सल व्हॅन थोडा भार उचलेल, पण एक मिनिटाच्या थांब्यावर माल चढत नाही. तो फक्त नागपूर, वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ इथेच घ्यावा आणि तसं आधी जाहीर करावं. संत्र्याच्या हंगामात बडनेऱ्याचा लांब थांबा तिथेही कामी येईल.

इतर मार्गांबद्दल थोडक्यात. इटारसीकडे २९७ किलोमीटर आहेत. तिथे बैतूल, आमला, मुलताई, पांढुर्णा, नरखेड, काटोल अशी येणारी आणि सहाला नागपूर गाठणारी गाडी हवी. काझीपेटकडची अजनीहूनच सुटावी. पूर्वेला बिलासपूरपर्यंतची इतवारीहून. बल्लारशाह, गोंदिया, रामटेक, छिंदवाडा यांसाठी रात्रीची गाडी आम्ही मागत नाही. तिथे अंतर कमी आहे, पहाटेची आणि रात्री उशिराची मेमू पुरेशी आहे. सगळ्यांना सगळं मागितलं की कुणालाच काही मिळत नाही, हा अनुभव जुना आहे.

सुरुवात भुसावळच्या एका जोडीने करा, सहा महिने चालवा. पण 'विशेष गाडी' म्हणून शून्याने सुरू होणारा क्रमांक देऊन, विशेष भाडं लावून, दर महिन्याला मुदतवाढ देत चालवू नका. पुढच्या महिन्यात असेल की नाही हे ठाऊक नसलेल्या गाडीवर कुणी दवाखान्याची तारीख ठरवत नाही. मग गाडी रिकामी जाते आणि रिकामी जाते म्हणून बंद होते. पाचाने सुरू होणारा, पॅसेंजरचा नेहमीचा क्रमांक द्या. आणि दुरुस्तीच्या ब्लॉकसाठी गाडी रद्द करायची वेळ आली तर यादीत तिचं नाव दरवेळी पहिलं नको.

आपले,
नागपूर व वऱ्हाडातील नियमित प्रवासी आणि निवृत्त रेल्वे कर्मचारी

ता.क. जलंबला गाडी पाचच्या सुमारास पोचेल. खामगावची शटल तिथे दहा मिनिटं थांबवून ठेवण्याची सूचना वेळापत्रकातच छापावी. तोंडी सांगितलेली जोडगाडी पहिल्या आठवड्यानंतर थांबत नाही.